कोरा रकाना

दात घासून झाल्यावर तिने ओंजळीत पाणी घेतलं, तोंडाशी नेलं, आणि हात तिथेच थांबले. पाण्याला वास होता. होता असं छातीठोकपणे म्हणता आलं नसतं, पण नव्हता असंही म्हणवेना. फार दिवस बंद असलेल्या खोलीचं दार उघडल्यावर पहिल्या क्षणी जाणवतो आणि दुसऱ्या क्षणी आपलाच होऊन जातो, तसा तो होता. ओंजळीतलं पाणी बोटांच्या फटींतून बेसिनमध्ये गळून गेलं. तिने नळ बंद केला. खिडकीशी जाऊन चार मोठे श्वास घेतले, नाक स्वतःच्याच कोपराच्या खळग्यात दाबून क्षणभर फक्त आपल्या कातडीचा वास घेतला, मग परत येऊन काचेचा पेला अर्धा भरला, वर तळहात झाकून गोल गोल फिरवला आणि हात बाजूला करून नाक आत नेलं. ओली माती. बहुधा. हे सगळं झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण यातलं काहीच ठरवून केलं नाही. आठ महिने झाले होते, तरी हात काही विसरले नव्हते.

मुलगी केस विंचरत दारात उभी होती. "हे हुंग जरा," म्हणून तिने पेला पुढे केला.

"आई, मला उशीर झालाय."

"एकदाच. कसला वास येतो सांग."

मुलीने पेल्यात नाक घातल्यासारखं केलं. "पाण्याचा."

"पाण्याचा म्हणजे कसला?"

"म्हणजे पाण्याचा! तुला आता पाण्यातसुद्धा चुका सापडायला लागल्या. तिकडे ऑफिसात मोठी बाई आहेस ना, तिथे शोध की." आणि तो पेला तिने उभ्याउभ्या गटागटा पिऊन टाकला, ओठ पुसले आणि पायऱ्या उतरून गेलीसुद्धा.

त्या वासाने कुणाला काही होत नाही, हे तिला ठाऊक होतं. तलावात एक बारीक शेवाळ वाढतं, मरतं, आणि मरताना पाण्यात एक द्रव्य सोडून जातं. पोहण्याचे दोनशे तलाव भरतील एवढ्या पाण्यात चमचाभर मिसळलं, तरी माणसाच्या नाकाला ते कळू शकतं. विषारी नाही, रोगट नाही, फक्त कळतं. शहराच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काढल्यावर आणि त्यातली शेवटची चार तिची प्रमुख म्हणून काढल्यावर, मातीच्या वासाने घाबरण्याचं कारण नव्हतं. तरी बसमध्ये ती खिडकीच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून बसली, जणू काही सांडणार होतं. तिला घाबरवणारी गोष्ट वेगळी होती. पेला हातात असताना तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की खाली जाऊन काकांना विचारू. आणि दुसरा विचार असा, की खाली आता कुणी नाही.

खाली म्हणजे प्रयोगशाळेच्या तळघरात. वरच्या मजल्यांवर रसायनांचे वास, म्हणून वासाची खोली खाली, जाड दाराच्या आड. तिथे काका रोज सकाळी सात वाजता शहराच्या नऊ भागांतून आलेलं पाणी नऊ चंबूंमध्ये साठ अंशांपर्यंत तापवत, बूच काढत, हुंगत आणि नोंदवहीत लिहीत. मागे त्यांना सगळे नाकोबा म्हणत, तोंडावर काका. हुंगायला बसण्याआधी ते सहा छोट्या बाटल्या ओळीने उघडून बंद करीत. माती, गवत, काकडी, बुरशी, गंज, औषध. "गाणारा तंबोरा जुळवतो ना, तसं," ते म्हणत. एकतीस वर्षांत त्यांनी अंगाला सुवासिक साबण लावला नव्हता. घरात उदबत्ती नाही, तेलाला वास नाही, लग्नात आलेली अत्तराची बाटली बायकोने माहेरी देऊन टाकलेली. "माझी सवत शंभर कोटी लिटर पाणी आहे," असं त्या बाई एकदा हिला म्हणाल्या होत्या, हसून, पण अगदीच हसूनही नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षी काकांनी तिला सहा महिने हाताखाली घेतलं. एका सकाळी सातव्या चंबूपुढचा रकाना तिने कोरा ठेवला आणि वर आपल्या टेबलाशी निघून गेली. थोड्या वेळाने काका धापा टाकत दुसऱ्या मजल्यावर आले, नोंदवही काखेत. "पोरी, हा कोरा का?" ती चाचरत म्हणाली, "मला नक्की कळलं नाही, काका. रेघ मारू का?" रेघ म्हणजे आडवी रेघ, वास नाही या अर्थाची. काका खुर्ची ओढून बसले. "रेघ कधी मारतात? मी पाहिलं, शोधलं आणि नव्हतं, तेव्हा. रेघ हे उत्तर आहे, अगं. तुला उत्तर आलंय का? नाही ना? मग कोरा ठेवलास हे बरोबर केलंस. कोरा म्हणजे उत्तर यायचंय. आणि कोरा दिसला की सही करणाऱ्याने जिना चढायचा, हा आपला कायदा." मग ते तिच्याबरोबर पुन्हा खाली आले, आणि तिला सांगता येईपर्यंत, घड्याळाने चाळीस मिनिटं, काही न बोलता बसून राहिले. शेवटी ती म्हणाली, काकडी. त्यांनी स्वतः हुंगून पाहिलं नाही. 'काकडी' असं लिहिलं आणि सही केली.

प्रयोगशाळेत पडद्यावर सगळं हिरवं होतं. नऊ भाग, नऊ हिरवे चौकोन, दर तीन मिनिटांनी ताजे आकडे. गढूळपणा ठीक, क्लोरीन ठीक, आम्लता ठीक. यंत्र खोटं बोलत नव्हतं. त्याला जे विचारलं होतं त्याचं ते नेमकं उत्तर देत होतं. भांडी धुणारी मावशी, जिला सगळे बाटलीमावशी म्हणत, हौदापाशी एका बुटक्या स्टुलावर उभी राहून काचा विसळत होती. "पाण्याला वास येतोय का गं मावशी, आज?" तिने विचारलं. मावशीने हातही थांबवला नाही. "परवापासनं येतोय. मला वाटलं तुमच्या यंत्राला सर्दी झाली असंल."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगायचं? वासाचं खाली सांगायचं, असं होतं. खाली तर तुम्ही सर्व्हर ठेवलाय." मग जरा नमतं घेऊन म्हणाली, "स्टूल मात्र झकास दिलंत. कंबर राहिली."

ते स्टूल ही त्या वर्षीची तिची एक कामगिरी होती. वासाची खोली बंद करून सगळं यंत्रावर घेणारी नवी व्यवस्था यायची ठरली तेव्हा वरून एक सल्लागार आला होता, शांत आवाजाचा, स्वच्छ नखांचा. बदल कसा घडवायचा आणि कसा सांभाळायचा, याचे वर्ग त्याने घेतले आणि प्रत्येक विभागातून एकेक बदलप्रमुख निवडला. प्रयोगशाळेतून ती. त्याने फळ्यावर एक वक्र रेषा काढली होती, आधी सपाट, मग खोल दरी, मग हळूहळू वर चढून आधीपेक्षा उंच. माणसं या दरीतून जातात, तो म्हणाला, तुमचं काम त्यांच्याबरोबर उतरायचं. तिला ते आवडलं होतं. वक्र रेषांवर तिचा लहानपणापासून विश्वास. आणि तो माणूस लबाड नव्हता, हे आजही ती कबूल करील. माणसं बदलाला भीत नाहीत, काहीतरी हातचं जाण्याला भितात, तेव्हा काय जाणार ते आधी विचारा, असं तोच म्हणाला होता, आणि त्यासाठीच फॉर्म काढला होता. तेवीस माणसं, तेवीस फॉर्म. शेवटचा रकाना: तुमच्या हरकती. मावशीने लिहवून घेतलं होतं की नवा हौद उंच आहे. तिला स्टूल मिळालं. एकाने पडद्याच्या उजेडाने डोळे दुखतात म्हणून लिहिलं, त्याची जागा बदलली. ती प्रत्येकाकडे गेली, प्रत्येक हरकतीचं काहीतरी केलं आणि त्या त्या रकान्यापुढे 'निवारण' असा शिक्का मारला. त्या दिवसांत ती कधी नव्हे इतकी खुशीत होती. पाच फॉर्मवर मात्र हरकतींचा रकाना कोरा होता, आणि दुपारी चारला अहवाल द्यायचा होता, आणि संगणक कोरा रकाना घेत नव्हता. लाल चौकट यायची, 'माहिती अपूर्ण'. तिने पहिल्या तिघांच्या रकान्यात आडवी रेघ टाकली. चौकट निघून गेली. चौथा फॉर्म काकांचा होता. नाव, हुद्दा, नोकरीची वर्षं, कामाचं स्वरूप, सगळं त्यांच्या उभट, एकसारख्या अक्षरात. शेवटचा रकाना पांढरा. तिचा हात थांबला होता. आज पाण्यावर थांबला, अगदी तसाच. किती वेळ ते तिला नंतर कधी आठवलं नाही, पण थांबला होता हे आठवलं, आणि तेच वाईट होतं. कारण या माणसाच्या हातून एकतीस वर्षांत एकही रकाना विसरून कोरा राहिला नव्हता, हे त्या इमारतीत तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन जिने उतरायचे होते. घड्याळात चार वाजायला बारा मिनिटं होती. काका रोज भेटतात, त्यांना काही म्हणायचं असतं तर ते म्हणाले असते, असं तिने मनाशी म्हटलं, आणि रेघ टाकली. मग पाचव्यालाही टाकली.

पाणी उकळतं तेव्हा तापमापकाचा पारा हलत नाही. खालून उष्णता येतच असते, पाण्याची वाफ होतच असते, पण पारा शंभरावर ठाम. शाळेत हे शिकल्यावर तिला कितीतरी दिवस अस्वस्थ वाटलं होतं. म्हणजे सगळ्यात मोठी गोष्ट घडत असते तेव्हाच मोजमापात काही दिसत नाही. काकांचं त्या महिन्यात तसंच होतं. सातला येत, नऊ चंबू, नोंदवही, सही. फक्त एवढंच झालं होतं, की ते तिला 'मॅडम' म्हणू लागले होते. चार माणसांत ते आधीपासूनच म्हणत, पदाचा मान म्हणून. दोघंच असताना 'अगं' होतं. एक दिवस तळघरात, दोघंच असताना, ते म्हणाले, "मॅडम, या बाटल्यांचं काय करायचं ठरलंय?" सहा छोट्या बाटल्या. तिने यादी पाहून सांगितलं होतं, "त्या टाकाऊमध्ये आहेत, काका." यादी तिचीच होती. ते म्हणाले, "बरं." आणि मग समारोपाच्या सभेत सल्लागाराने मोठ्या पडद्यावर सगळ्या विभागांचा तक्ता दाखवला. इतर विभागांपुढे सात, अकरा, एकोणीस असे आकडे, आणि प्रयोगशाळेपुढे शून्य. शिल्लक हरकती: शून्य. तिला उभं राहायला सांगितलं. सभागृहात टाळ्या झाल्या, आणि मागून तिसऱ्या ओळीत काकाही टाळ्या वाजवत होते, त्यांच्या पद्धतीने, उजव्या हाताची चार बोटं डाव्या तळहातावर. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, त्यांची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाला तक्रार केंद्रात झाली. पगार तोच, काम बसून. त्याला आता आठ महिने झाले होते, आणि तेव्हापासून ती त्यांना भेटली नव्हती. दर आठवड्याला भेटायचं ठरवत होती, आणि ठरवलं की तिला तो पांढरा रकाना दिसे.

तिने एक चंबू भरला, बूच घट्ट लावलं, स्वच्छ फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवला आणि मावशीला सांगितलं, "मी जरा बाहेर जाऊन येते."

"सांगा त्यांना, हौदाला आता पोचते मी," मावशी म्हणाली. कुणाला ते दोघींनीही म्हटलं नाही.

तक्रार केंद्र म्हणजे एक लांबट खोली होती, चार खिडक्या, काचेला बोलण्यापुरतं गोल भोक. दुपारची वेळ, गर्दी नव्हती. तिसऱ्या खिडकीपाशी एक म्हातारा गळक्या मीटरबद्दल भांडून नुकताच निघाला होता. काका मान खाली घालून काहीतरी लिहीत होते. ती काचेशी वाकली, आणि त्यांनी वर पाहण्याआधीच तिला ते कळलं. भोकातून गुलाबाचा वास आला. साबणाचा, गोड, ढळढळीत वास.

"मॅडम? तुम्ही इकडे कशा?" ते उठून उभे राहिले. तब्येत चांगली दिसत होती, गाल भरले होते.

"बसा ना काका. कसे आहात?"

"मजेत. इथे बसल्याजागी शिव्या मिळतात, व्यायाम होत नाही एवढंच."

तिने चंबू बाहेर काढून भोकाखालच्या फटीपाशी ठेवला. तो आत जाईना. ते हसले, बाजूचं दार उघडून बाहेर आले आणि चंबू दोन्ही हातांत घेतला. त्यांचे हात चंबूभोवती असे बसले की ती दुसरीकडे पाहू लागली.

"माती वाटते," ती म्हणाली. "पण मला खात्री नाही. यंत्रात काही येत नाही."

"मला नाही सांगता येणार, मॅडम."

"एकदा बघा तरी."

ते खिडकीशी गेले. चार श्वास घेतले. मग कोपर वर करून खळग्यात नाक नेलं, आणि तिथेच थबकले. खांदे हलले. ते हसत होते. "घोटाळा इथेच आहे. गुलाब. हिची हौस हो. म्हणाली, आता तरी माणसांसारखे राहा. पहिल्याच दिवशी तीन वड्या आणल्या, एक नाही, तीन." त्यांनी तरीही बूच काढलं, चंबू फिरवला, डोळे मिटले. ती त्यांच्या पापण्यांकडे बघत राहिली. फार वेळ. मग त्यांनी बूच परत लावलं. "नाही. काही कळत नाही. रोजची जुळवणी लागते, बाटल्याही नाहीत... नाक आहे जागेवर, पण आत कुणी नाही." हे त्यांनी अशा साधेपणाने सांगितलं, जसं घरी नाहीत, संध्याकाळी या, असं कुणी सांगावं.

"काका, तो फॉर्म," ती म्हणाली. "हरकतींचा रकाना तुम्ही कोरा ठेवला होतात."

"हो."

"मी तिथे रेघ मारली."

"कळलं ना. पडद्यावर शून्य आलं तेव्हा हिशेब लागला."

"तुम्ही टाळ्या वाजवत होतात."

"तुमचं कौतुक चाललं होतं," ते म्हणाले. चंबूची कड त्यांनी अंगठ्याने पुसली. "मला वाटलं होतं, तुम्ही खाली याल. दोन दिवस मी जेवायला वर आलो नाही. म्हटलं, याल आणि मी जागेवर नसायचो."

ती हे ऐकायलाच आली होती. "आले असते तर काय म्हणाला असतात?"

त्यांनी खरंच विचार केला. पूर्वी एखाद्या अवघड चंबूचा करायचे तसा. "आता काय सांगू? तेव्हा माझं मलाच नक्की नव्हतं. कदाचित म्हणालो असतो, ठीक आहे, माझंही वय झालं. कदाचित नसतो म्हणालो. बसलो असतो आपण, तर आलं असतं काहीतरी." हातातल्या चंबूकडे बघून म्हणाले, "आता ते नाही येत. ते पाणीच गेलं."

रस्त्यावरून एक मोठं वाहन गेलं आणि चारही काचा थरथरल्या. काकांनी चंबू फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिला, आत गेले, आपल्या खुर्चीत बसले, चष्मा लावला आणि खणातून एक छापील कागद काढला. "वासाचं मला सांगता येत नाही. पण तक्रार लिहून घेता येते, तेच माझं काम. या समोर." ती काचेसमोर येऊन उभी राहिली. त्यांनी तिचं नाव विचारलं नाही, लिहिलं. पत्ता विचारला. तक्रार काय? "पाण्याला वास येतो." कसला? ती म्हणाली, "मातीचा." त्यांनी काचेतून वर पाहिलं. "नक्की?" तिने डोळे मिटले, सकाळची ओंजळ आठवली, आणि म्हणाली, "नक्की." उभट, एकसारख्या अक्षरांत त्यांनी 'ओली माती' असं लिहिलं. कधीपासून, परवापासून. किती वेळा, रोज. पेन एकेक ओळ खाली सरकत गेलं.

"आणखी काही तक्रार?"

कागदाच्या तळाशी तो शेवटचा रकाना होता, दोन बोटं उंच, पांढरा. तिने तोंड उघडलं. घशात काहीतरी होतं, शब्द नव्हता. शब्दाआधीचं जे असतं ते होतं, आहे म्हणावं तर नव्हतं आणि नाही असंही म्हणवेना. तिने मान हलवली, तीही धड हो अशी नाही आणि नाही अशीही नाही.

काकांनी पेन रकान्यावर धरलं होतं. ते तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी टोपण लावून पेन खाली ठेवलं, हात लांब करून 'खिडकी बंद आहे' ही पाटी काचेला टेकवली, आणि खुर्चीत मागे रेलून बसले.

"सांग," ते म्हणाले. "मी बसलोय."